रेघ एकदाच ओढावी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनात दोन शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली आणि विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली. ह्या व्यासपीठावरून हुंडा, व्यसन, शिष्यवृत्ती आणि विवाहातील अवाजवी खर्च ह्यांवर आजवर पुष्कळ बोलून झाले आहे, आणि ते माझ्यापेक्षा अधिकारी वक्त्यांनी केलेले आहे. मी मॅट्रिक झालेला, जन्मभर शाळेत चित्रकला शिकविणारा माणूस. ज्यातले मला थोडेफार कळते त्या रेघेविषयीच बोलावे असे मी ठरविले. ही रेघ आता कागदावर न उमटता संगणकाच्या पडद्यावर उमटते, आणि आपल्या समाजातील कितीतरी मुलामुलींची भाकरी आज तिच्यावर अवलंबून आहे. म्हणून संगणकावर आरेखन करणाऱ्याने आपले काम कसे करावे, म्हणजे ते लवकर होईल आणि चुकणार नाही, एवढाच माझा विषय आहे.

विषय समारंभाला रुक्ष वाटेल. पण आपल्या दोन तालुक्यांची परिस्थिती पाहावी. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत १९९९ पासून पियाजिओची तीनचाकी वाहने बनतात. भारत फोर्जचाही कारखाना तेथे आहे. इंदापूर तालुक्यात लोणी देवकरला औद्योगिक वसाहत झाली. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांचे गाळप थांबले की दुरुस्तीची कामे निघतात. अशा मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने लहान लहान वर्कशॉपे उभी राहतात, आणि अशा प्रत्येक वर्कशॉपात एका कोपऱ्यात संगणकापुढे एक तरुण बसलेला दिसतो. पुष्कळदा तो आपला असतो. वडिलांनी वाकस आणि रंधा चालविला, हा माऊस चालवितो.

अशाच दोन तरुणांच्या शेजारी निवृत्तीनंतर मला बराच काळ बसावयास मिळाले. दोघांनी आयटीआयमध्ये आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम एकाच वर्गात पुरा केला, संगणक सारखाच, सॉफ्टवेअरही तेच. दोघांनाही मोबदला ड्रॉइंगच्या नगावर मिळे. जे काम एकाला दोन दिवस पुरे, ते दुसरा दुपारच्या जेवणापूर्वी हातावेगळे करी. मला प्रथम वाटले की दुसऱ्याची बोटे चपळ असावीत. पाहतो तो उलटाच प्रकार! पहिल्याचीच बोटे अधिक वेगाने धावत होती. बिचारा घाण्याच्या बैलासारखा राबत होता आणि फिरून त्याच जागी येत होता. कारण एकदा काढलेली गोष्ट तो पुन्हा काढीत होता. बोल्ट आला की बोल्ट काढ, चौकट आली की चौकट काढ, खालच्या कोपऱ्यातला नावाचा तक्ता आला की तो पुन्हा आख. दुसऱ्याने मात्र जन्मात बोल्ट एकदाच काढला होता.

ही युक्ती काही सातासमुद्रापलीकडून शिकावयास नको. बैलगाडीचे चाक घडविताना आपले आजे-पणजे काय करीत? तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वरून लोखंडी धाव. प्रत्येक आऱ्यासाठी नव्याने माप काढीत बसले असते तर सुगीपूर्वी एकही गाडी शेतावर गेली नसती. एक आरा मनासारखा साधला की त्याचा फर्मा होई, आणि उरलेले आरे त्या फर्म्यावर उतरत. फर्मा खुंटीला टांगलेला असे; बापाचा फर्मा मुलाला मिळे. आज ऑटोकॅडमध्ये एक आरा काढून 'ॲरे' ही आज्ञा दिली आणि किती आरे हवेत ते सांगितले, की मध्यबिंदूभोवती सारे आरे समान अंतरावर क्षणार्धात उभे राहतात. आज्ञेचे नाव इंग्रजी आहे, अक्कल आपल्या आळीतली आहे.

ह्या यंत्राचा इतिहासही तेच सांगतो. १९६३ साली अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत आयव्हन सदरलँड नावाच्या तरुणाने 'स्केचपॅड' नावाची संगणक-प्रणाली सादर केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढता येणे हा तिचा चमत्कार लोकांच्या लक्षात राहिला. मला तिच्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. मूळ आकृती एकदा काढावी, तिच्या प्रतिकृती हव्या तितक्या मांडाव्यात, आणि मूळ बदलले की साऱ्या प्रतिकृती आपोआप बदलाव्यात, अशी सोय त्याने त्याच वेळी करून ठेविली होती. पुढे डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले आणि साध्या टेबलावरच्या संगणकावर आरेखन होऊ लागले. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, शाईची पेने आणि चुकलेली रेघ ब्लेडने खरवडण्याची ती जिकिरीची कसरत हळूहळू मागे पडली. परंतु पुष्कळांनी संगणकाला केवळ महागडा ड्रॉइंग बोर्ड मानले. साऱ्या विलंबाचे मूळ तेथे आहे.

आता थोडे तपशिलात जातो. मंडपातील वडीलधाऱ्यांनी तेवढा वेळ सोसून घ्यावे. मागे बसलेल्या तरुणांसाठी हे सांगणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट कोऱ्या फाइलीची. काम हाती आले की बहुतेक मुले रिकामी फाइल उघडून थेट रेघ ओढू लागतात. त्याऐवजी स्वतःची एक टेम्प्लेट फाइल सिद्ध ठेवावी. तीत एकक मिलिमीटर असे ठरविलेले असावे; अक्षरांची उंची, मापे लिहिण्याची शैली, रेघांच्या जाड्या, कागदाच्या चौकटी, वर्कशॉपच्या नावाचा तक्ता हे सारे आधीच असावे. ए-३ची चौकट ४२० बाय २९७ मिलिमीटरची आणि ए-४ची २९७ बाय २१०ची, हे आयुष्यात एकदा मांडावे. त्या तक्त्यात प्रक्षेपण-पद्धतीचे चिन्हही असू द्यावे. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोच्या संकेताप्रमाणे प्रथम कोन पद्धती चालते, अमेरिकेकडून आलेली ड्रॉइंगे तृतीय कोनातली असतात, आणि चिन्ह नसले तर डावीकडचे भोक उजवीकडे पडावयास वेळ लागत नाही. अशी टेम्प्लेट करण्यास एखादा रविवार मोडेल. तो पुढे प्रत्येक कामात परत मिळतो.

दुसरी गोष्ट ब्लॉकची. बोल्ट, नट, बेअरिंग, अँगल, चॅनेल, आणि घरांचे नकाशे काढणाऱ्यांच्या बाबतीत दारे, खिडक्या, जिने, हे जे जे फिरून लागणार ते ब्लॉक करून एका फोल्डरात नीट नावे देऊन ठेवावे. ब्लॉकचे घटक शून्य क्रमांकाच्या लेयरवर काढले आणि रंग व जाडी लेयरवर सोपविली, म्हणजे तो ज्या लेयरवर मांडाल त्याचे रूप तो धारण करतो. ही एवढी बारीक गोष्ट कित्येक शिकवणीवर्गांत सांगितली जात नाही, आणि मग मुले ब्लॉक फोडून, त्यातील एकेक रेघ निवडून रंग बदलीत बसतात. ब्लॉक फोडणे म्हणजे फर्मा जाळून शेकत बसणे होय.

लेयर हा शब्द आला आहे तर त्याविषयी अधिक बोलणे भाग आहे, कारण त्याच्याविषयीची हयगय आता पैशात मोजावी लागते. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांप्रमाणे लेयर असतात: भिंती एकावर, मापे दुसऱ्यावर, मजकूर तिसऱ्यावर, मध्यरेषा चौथ्यावर. नको तो कागद झाकून ठेवता येतो. सगळे एकाच लेयरवर काढणारा मनुष्य पीठ, मीठ, हळद एकाच डब्यात भरणाऱ्या गृहिणीसारखा असतो, पण अशी गृहिणी कोठे आढळणार नाही. आरेखक मात्र पुष्कळ आढळतात. महाराष्ट्रात २०२० साली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, आणि बांधकाम परवानगीचे प्रस्ताव ऑनलाइन घेण्याची पद्धत रूढ होत चालली आहे. जेथे नकाशाची छाननी संगणकच करतो, तेथे भूखंडाची हद्द, बांधकामाची रेषा, मोकळी जागा ह्या गोष्टी नेमून दिलेल्या लेयरवरच असाव्या लागतात. मनुष्य-तपासनीस नकाशा पाहून अंदाजाने समजून घेई. यंत्राला अंदाज नाही. भिंत चुकीच्या लेयरवर असली की त्याच्या लेखी ती भिंतच नव्हे, आणि प्रस्ताव परत येतो.

भिगवणच्या बाजूच्या एका गावात आपल्या समाजातली एक सूनबाई घरबसल्या घरांचे नकाशे काढून देते. इंदापूरचे दोन अभियंते तिला काम पाठवितात. सकाळी स्वयंपाक उरकल्यावर दीड तास, मुले शाळेतून येण्यापूर्वी दोन तास, असा तिचा वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळतो, आणि मध्ये वीज जाते ती वेगळीच. तिने मला एक सवय दाखविली ती मी सर्वांना सांगत असतो. उठताना ती फाइलीच्या एका कोपऱ्यात, न छापल्या जाणाऱ्या लेयरवर, दोन ओळी लिहून ठेवते: जिन्यापर्यंत झाले, पश्चिमेची खिडकी बाकी, मालकाला संडासाची दिशा विचारावयाची. पुन्हा बसली की ती दहा मिनिटे आठवण्यात घालवीत नाही. फाइलींची नावेही ती शिस्तीने देते: गाव, काम, तारीख, कितवी प्रत. 'फायनल', 'फायनल नवीन', 'एकदम फायनल' अशा नावांच्या फाइली मी एका वर्कशॉपात पाहिल्या आहेत, आणि कटिंगला ह्यांपैकी कोणती गेली हे तेथे कोणासच सांगता येत नव्हते.

हातांविषयी थोडक्यात. उजवा हात माऊसवर असेल तर डावा मांडीवर ठेवू नये. रेघेला 'एल', वर्तुळाला 'सी', समांतर रेघेला 'ओ', छाटण्याला 'टीआर', नकलेला 'सीओ', आरशातल्या प्रतिमेला 'एमआय', अशी पंधरा-वीस अक्षरे डाव्या हाताला वळणी पडली की पडद्यावर चित्रे शोधत फिरण्याचे काम उरत नाही. स्पेस बार हाच एंटर आहे, आणि काहीही न लिहिता तो दाबला तर मागची आज्ञा पुन्हा चालते, हे ठाऊक नसलेले पदवीधर मी पाहिले आहेत. दोन रेघांचा कोपरा जुळवावयाचा तर छाटणे आणि वाढविणे असे दोनदा न करता फिलेटची त्रिज्या शून्य ठेवून दोन्ही रेघांवर टिचकी मारावी; काम एका दमात होते. सरळ रेघेसाठी एफ-८, बिंदू अचूक पकडण्यासाठी एफ-३. डोळ्याला जुळलेली दिसणारी रेघ जुळलेली असतेच असे नाही. पडद्यावर मोठी करून पाहावी, केसाएवढी फट दिसते, आणि त्या फटीमुळे पुढे क्षेत्रफळ निघत नाही व यंत्र मार्ग सोडते. आपल्याकडे गुण्या लावल्यावाचून कोपरा जुळला असे कोणी म्हणत नसे.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज मुख्यत्वे उभा राहिलो ती सांगतो. ती वेगाची नाही. पण तिच्यामुळे मिळविलेला सारा वेग वाया जातो.

बारामतीतील एका वर्कशॉपात आपल्यातला एक मुलगा कामास होता. एका यंत्रावर बसवावयाच्या पत्र्याच्या झाकणाचे ड्रॉइंग त्याने केले होते; लांबी ४५० मिलिमीटर. संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला की लांबी ४८० करा. घरी जाण्याची वेळ झालेली, शेवटची एसटी निघावयाची, आणि मालक दारात उभे. त्याने रेघ न हलविता मापाच्या आकड्यावर टिचकी मारून ४५०च्या जागी ४८० असे लिहिले. छापील कागद निर्दोष दिसत होता. मालकांनी वाचला, गिऱ्हाइकाने वाचला, सर्वांनी मान्य केला. फाइल मात्र लेझर कटिंगला गेली. लेझरचे यंत्र आकडा वाचीत नाही, ते रेघेवरून चालते; आणि रेघ अजून ४५०चीच होती. सगळे पत्रे तीस मिलिमीटर तोकडे कापले गेले. पत्र्याची किंमत त्या मुलाच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापण्यात आली. त्या वर्षी त्याच्या बहिणीचे लग्न ठरले होते, ते पुढे ढकलावे लागले. हे मला त्याच्या वडिलांनी सांगितले, आणि त्यांनी ते ज्या शांतपणे सांगितले ती शांतता ऐकवत नव्हती.

जुन्या काळी कागदावर असे केलेले चालून जाई, कारण कारागीर आकडा वाचून काम करी. रेघ थोडी आखूड असली तरी बिघडत नसे. हा फरक ध्यानात न घेता जुनी सवय नव्या यंत्रावर नेली की असा अनर्थ होतो. मापाचा आकडा हाताने कधीही लिहू नये. रेघ हलवावी, आकडा आपोआप बदलतो; तो बदलला नाही तर समजावे की पूर्वी कोणीतरी त्यावर हात फिरविलेला आहे. वस्तू नेहमी खऱ्या मापात, एकास एक, काढावी, आणि लहान-मोठे प्रमाण कागदाच्या लेआउटवर ठरवावे. कटिंगला फाइल पाठविण्यापूर्वी ती नव्याने उघडून दोन टोकांतील अंतर मोजण्याच्या आज्ञेने मोजावे. सोबत एक ओळ लिहून पाठवावी: एकक मिलिमीटर, एकूण लांबी इतकी, रुंदी इतकी. समोरच्याच्या यंत्रात एकक इंच असले तर वस्तू २५.४ पट होऊन बसते. ती ओळ असली तर ही गोष्ट तेथल्या तेथे उघडकीस येते.

तपासणी कागदावर करावी असे माझे मत आहे, आणि तरुण मंडळी त्याला हसतात. हसोत. पडद्यावर आपण जे काढले आहे तेच डोळा वाचतो. कागदावर त्याला परके काहीतरी दिसते. छापील प्रत घेऊन लाल पेन्सिलीने एकेक मापावर खूण करीत जावे, आणि शक्य तर ती खूण दुसऱ्याने करावी. आरेखकाने स्वतःचेच काम तपासणे म्हणजे स्वतःच्या मुलाचा पेपर स्वतः तपासणे आहे.

पालकांसाठीही काही शब्द. आरेखनाच्या खासगी शिकवणीवर्गांना भरमसाट शुल्क पडते. काहींनी त्यासाठी दुभते जनावर विकल्याचे मला ठाऊक आहे. वर्गात प्रवेश घेण्यापूर्वी एवढेच विचारावे, की येथे टेम्प्लेट, ब्लॉक आणि लेयर करावयास शिकवितात की नुसत्या आज्ञा पाठ करून घेतात? विद्यार्थ्यांना ऑटोकॅड शिकण्यासाठी कंपनीकडूनच विनामूल्य मिळते. व्यवसायासाठी ती प्रत चालत नाही. लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड ही सॉफ्टवेअरे तर मुळातच विनामूल्य आहेत, आणि हात बसविण्यास पुष्कळ पुरेशी आहेत. चोरून बसविलेली प्रत वापरू नये. सुताराने उसने हत्यार आणले तर तो ते परत करतो. चोरीच्या हत्यारावर कोणी प्रपंच मांडीत नाही, आणि तपासणी आली तर वर्कशॉपच्या मालकाबरोबर कामगारालाही मान खाली घालावी लागते.

आपल्या मराठी मुलखात आरेखनाचा मान मोठा आहे हेही मुलांनी जाणून घ्यावे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखनाचे शिक्षक होते. रंग ओळखण्यात त्यांच्या दृष्टीला अडचण होती, म्हणून चित्रकला सोडून ते यंत्रांच्या चित्रांकडे वळले, आणि पुढे त्याच हातांनी लोखंडी नांगर घडविला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. माझ्यासारख्या चित्रकला-शिक्षकाला हे नाव घेताना थोडा अभिमान वाटला तर सभेने क्षमा करावी.

ज्या दोन तरुणांविषयी मी आरंभी बोललो, त्यांतील पहिल्याने गेल्या पावसाळ्यात आपली टेम्प्लेट आणि शंभरएक ब्लॉक तयार केले. त्यापैकी बरेचसे दुसऱ्याने त्याला दिले. दोघांत एकाच वर्कशॉपच्या कामासाठी चुरस असते, तरी त्याने ते दिले, हे मला येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. आता पहिलाही संध्याकाळच्या गाडीने घरी येतो.

दोघांच्या संमतीने ती टेम्प्लेट, चौकटी आणि ब्लॉकचे फोल्डर मंडळाच्या कार्यालयातील संगणकावर ठेवले आहे. समाजातील कोणाही मुलामुलीने ते घेऊन जावे, मोल काही नाही. फक्त आपण नवा ब्लॉक केला तर तो त्यात आणून ठेवावा, आणि त्याचे नाव मराठीत किंवा इंग्रजीत, पण दुसऱ्याला कळेल असे द्यावे. रविवारी सकाळी दहा ते बारा मी कार्यालयात असतो. येताना पेन ड्राइव्ह आणावा, आणि अडलेले ड्रॉइंग असेल तर त्याची छापील प्रतही. लाल पेन्सिल माझ्याकडे आहे.